मराठीत सांगितलेलं

खोलीत कुणी आलं की आमचे टायपिस्टकाका समोरचा कागद पालथा घालायचे आणि कॉम्प्युटरचा पडदा बंद करायचे. येणारे आमचे सीनियर वकील असले, आणि कागद त्यांचाच असला, तरीसुद्धा. "ज्याचें त्याला," एवढंच म्हणायचे. असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. आपण त्याला हसतो आणि आपली कागदपत्रं बिनधास्त त्याच्याकडे देतो.

चेन्नईच्या त्या चेंबरमध्ये मराठी आम्हा दोघांनाच यायची. त्यांची तंजावरची, तमिळ हेलाची. माझी साताऱ्याची, त्यांना सदा भांडल्यासारखी वाटणारी. डबा खाताना आम्ही सगळ्यांदेखत बोलायचो आणि कुणाला अक्षर कळायचं नाही. अशाच एका दुपारी त्यांनी सांगितलं, की बायको बहिणीकडे राहते हे खोटं आहे. ती मनोरुग्णालयात आहे, सहा वर्षं.

पुढे वकिलांच्या ग्रंथालयात मला भाषण द्यायचं होतं. खासगीपणा हा शब्द मूलभूत हक्कांच्या यादीत नाही, तरी 'जीवित' आणि 'व्यक्तिगत स्वातंत्र्य' या शब्दांत न्यायालयांनी तो कसा वाचला, हा विषय. नुसत्या कलमांनी लोक पेंगतील म्हणून मी एक उदाहरण घातलं. नाव न घेता: एक टायपिस्ट, त्याची आजारी बायको, लाजेखातर केलेली लपवालपवी. टाळ्या पडल्या. दुसऱ्याच दिवशी आमच्या एका ज्युनियरने काकांना चहाच्या वेळी बायकोची तब्येत विचारली. मी फाइलीत डोकं घालून बसले.

कहर पुढेच आहे. भाषण छापायचं ठरलं, तेव्हा हस्तलिखित मी सवयीने त्यांच्याच टेबलावर ठेवून आले.

संध्याकाळी कागद परत आले. एकही चूक नव्हती. फक्त 'लाजेखातर' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांखाली पेन्सिलीची रेघ होती. मी माफी मागायला गेले.

"लाजेनें नव्हे, अक्का," ते म्हणाले. "तिणें वचन मागून घेतलें होतें, कोणाला सांगूं नका म्हणून. मोडलें तें मीच. आपल्या बोलींत बोललों, तर घरांतच बोललों असें वाटलें."

तो परिच्छेद मी काढून टाकला. त्याने काय होणार होतं? आजही ते आठवलं की माझी मला लाज वाटते.

पोंगलनंतर ते निवृत्त झाले. तोवर माझ्याशी तमिळमध्येच बोलले. मला कळावं म्हणून सावकाश, एकेक शब्द तोडून.