मागं सरकणारा देवाजी

देवाजी फोटो काढताना मागं मागं सरकायचा. डोळा कॅमेऱ्याला आणि पाय उलटे. मागं काय आहे, हे त्यानं कधी वळून पाहिलं नाही. एका लग्नात तो वरणाच्या गंजात बसता बसता वाचला. मंडईत मात्र वाचला नाही. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, दंडारी नाचतात. तळ्यापाशी नाचे रांगेत उभे, समोर देवाजी. तो मागं सरकला, आणखी मागं सरकला, आणि गेला पाण्यात. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि ओरडला, "हालू नोका रे! आता कुठं सारे बराबर येऊन राहिले!" तो फोटो मी पाहिला आहे. त्यात सगळे नाचे हसत आहेत. दंडारीच्या नाच्यांचा असा खरंखुरं हसतानाचा फोटो दुसऱ्या कोणापाशी नसेल.

देवाजी माझ्या गावचा, करडीचा. चौथीपर्यंत आम्ही एका पट्टीवर बसलो. मग मी धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरलो तो आजवर वर आलो नाही. तो मोहाडीला गेला, फोटो शिकला, पुढं तिथंच दुकान टाकलं. आता मी थकलो. चार ओळी लिहिल्या की बोटं आखडतात. सून म्हणते, कशाला लिहिता? पण देवाजीबद्दल दुसरा कोणी लिहिणार नाही, आणि लिहिलं तरी बरोबर लिहिणार नाही. म्हणून मीच लिहितो.

त्याचं दुकान तहसीलीच्या रस्त्याला. अर्जाला लावायचे फोटो काढायला रोज माणसं येत. एखादा कॅमेऱ्यासमोर हसला की देवाजी म्हणायचा, "हासू नोको बाप्पा. सरकार हासणाऱ्याले काही देत नाही." पण घरच्या माणसांचा फोटो असला की त्याचा वेगळाच कायदा. "खांद्याले खांदा! मधात हवा नाही पाहिजे!" लोक कुरकुरायचे, भाऊ, गर्मी होऊन राहिली. तो म्हणायचा, "फोटोत गर्मी दिसत नाही, फट दिसते."

असं त्याचं चाललं होतं. मग एका पावसाळ्यात त्याच्या जुन्या लेन्सच्या आत बुरशी चढली. काचेच्या आत, जिथं फडकं पोचत नाही तिथं. दुरुस्तीवाल्यानं हात टेकले. तोवर देवाजीचे गुडघेही गेले होते. नवी लेन्स घ्यायला तो नागपूरला निघाला आणि मला म्हणाला, "चाल सदाभाऊ, दोन म्हातारे मिळून एक माणूस होते."

दुकानातल्या पोरानं दोन लेन्सा काढून ठेवल्या. एक वाइड, म्हणजे रुंद पाहणारी. दुसरी नेहमीची झूम, देवाजीच्या जुन्या लेन्ससारखी. एकच घेणं होतं. पोरगा म्हणाला, "काका, वाइड घ्या. जागेवर उभे राहा, अख्खा मंडप येतो. मागं जायचं कामच नाही." मीही म्हटलं, वाइडच घे, गुडघ्याचा विचार कर. देवाजीनं ती कॅमेऱ्याला लावली आणि दुकानातच फोटो काढला. मी कडेला उभा होतो. मग त्यानं मला कॅमेऱ्याच्या पाठीवरचा फोटो दाखवला.

"सदाभाऊ, तुहं डोस्कं पाह्य. कोहळ्यावानी लांब झालं."

"ते माह्या डोस्क्याचा दोष नोहे."

"नाहीच. कडेले जो राह्यला त्याचं असंच होते. हे मधातल्यालेच सरळ ठेवते."

मग त्यानं झूम लावली. माझं तोंड माझ्यासारखं आलं, पण अर्धं दुकान कापलं गेलं. तो मागं सरकला तर पाठ कपाटाला टेकली. एक तास तो ही लाव, ती लाव करत बसला. शेवटी पोरगाच कंटाळला. देवाजी जुना गिऱ्हाईक, म्हणून म्हणाला, "दोन्ही घेऊन जा काका. घरी वापरून पाहा, नको असंल ती परत आणा."

आता माझ्या घरचं सांगावं लागतं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला एक धाकटा भाऊ, मनोहर. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आमचं भांडण झालं. कोणाचं खरं होतं ते मी इथं लिहीत बसत नाही. माझंच खरं होतं. त्यानंतर आंगणातून छातीइतकी भिंत उठली. या बाजूला मी, त्या बाजूला मनोहर, आणि बोलणं बंद. माय माझ्याकडं राहायची. तिचं अंग सुकत चाललं होतं आणि तिनं एकच हट्ट धरला होता. दोन्ही पोरांसोबत एक फोटो.

मी म्हणायचो, पाहू. पलीकडून मनोहरही म्हणायचा, पाहू. एक दिवस माय भिंतीपाशी उभी राहून दोघांना ऐकू जाईल अशी बोलली, "माह्या मढ्यापाशी तं येसान ना दोघं एका जागी? तवा मले काय दिसन?"

हे देवाजीच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी पिशवीत दोन्ही लेन्सा घालून तो दारात हजर.

मी माझ्या आंगणात बाज टाकली, मायला बसवलं, शेजारी मी बसलो. देवाजीनं भिंतीवरून मनोहरला हाक मारली. मनोहर म्हणाला, "मी त्याच्या आंगणात पाय ठेवत नाही. मायले इकडं पाठवा." मी देवाजीला म्हटलं, "सांग त्याले, माय जिथं जेवते तिथंच फोटो निघन." आम्ही दोघं एकमेकांना ऐकू जाईल असं देवाजीशी बोलत होतो. देवाजी मधात उभा राहून एकदा इकडं, एकदा तिकडं मान फिरवत होता.

"बरं," तो म्हणाला, "कोणीच नोका हालू. मनोहर, तू तिकडंच भितीजवळ उभा राय. डोस्कं वर दिसलं म्हणजे झालं."

त्यानं वाइड लावली. भिंतीला टेकून माझ्या आंगणाच्या कोपऱ्यात उभा राहिला आणि एक पाऊलही मागं न सरकता फोटो काढला. सारे आले. मी, माय, माझी माणसं, आणि भिंतीच्या वरून मनोहर, त्याची बायको, पोट्टे. देवाजीनं कॅमेरा मायच्या डोळ्यापाशी नेला. मायनं बराच वेळ पाहिलं.

"देवाजी," ती म्हणाली, "हा माहा फोटो होय का भितीचा?"

खरंच होतं. कॅमेऱ्याजवळ असल्यामुळं भिंत नागासारखी फुगून मधोमध आली होती. माय एका बाजूला, धानाच्या दाण्याएवढी. मनोहर दुसऱ्या कडेला, डोकं लांब होऊन. सगळे हसले. पलीकडून मनोहरही हसला, मग त्याला आठवलं आणि तो थांबला.

देवाजी ओसरीवर बसला. गुडघा चोळला, पाणी प्यायला. म्हणाला, "हे लेन्स लय भली हाये, सदाभाऊ. कोणाले जवळ ये म्हणत नाही. रुसून बसला त्याले रुसलेलाच घेते." मग पिशवी उघडून त्यानं दुसरी लेन्स चढवली आणि मागं सरकायला लागला. सरकता सरकता पाठ भिंतीला लागली.

"अर्धे कटून राहिले," तो म्हणाला. "मले आणखी मागं जा लागते."

"मागं भित हाये," मी म्हटलं.

"मले दिसते ना बाप्पा."

तो माझ्या दारातून बाहेर पडला, रस्त्यानं फिरून मनोहरच्या आंगणात गेला आणि त्या बाजूनं भिंतीवर कोपरं टेकवून उभा राहिला.

मनोहर म्हणाला, "इकडं कायले आले तुमी?"

"फोटो काढाले."

"माह्या आंगणातून त्याचा फोटो?"

"तुह्या आंगणातून तुह्या मायचा. हे पाह्य, ते लोक त्याच्या आंगणात बसले, म्हणजे बसणं त्याच्या घरचं. मी तुह्या जागेत उभा हाओ, म्हणजे फोटो तुह्या घरचा. आता तुह्या घरच्या फोटोत तूच नसशीन, तं लोक मले विचारतीन ना, काहून?"

त्याची बायको चुलीपाशी होती. तिथूनच ती म्हणाली, "जा ना आता! बैलावानी काय उभे राह्यले?"

मनोहर रस्त्यानं फिरून आला. दाराबाहेर चपला काढल्या. बाजेवर मायच्या दुसऱ्या बाजूला बसला, पण मधात हातभर जागा सोडून. मीही माझ्या बाजूनं तेवढीच सोडली होती. त्याच्यापेक्षा कमी सोडायचं मला काही कारण नव्हतं.

भिंतीपलीकडून देवाजी ओरडला, "खांद्याले खांदा!"

"हाये तेवढं पुरे," मी म्हटलं.

"येऊन नाही राहिलं गा! या लेन्समंधी मावत नाही. सरका!"

खरंच मावत नव्हतं का तो खोटं बोलत होता, हे मी त्याला कधी विचारलं नाही. मी थोडा सरकलो. मनोहर थोडा सरकला. "अजून," देवाजी म्हणाला. आम्ही अजून सरकलो. मग मायच्या एका खांद्याला माझा खांदा लागला, दुसऱ्याला त्याचा. तिचं अंग सुपातल्या कोंड्यासारखं हलकं होतं. दोघांनी दोन्हीकडून धरलं म्हणून ती सरळ बसली, नाहीतर तिची मान एव्हाना खाली जायची. देवाजीनं फोटो काढला. एकच काढला.

यावरून कोणी समजू नये की आम्ही एक झालो. मनोहर चहा न घेता गेला. भिंत आजही आहे.

मला वाटलं, आता देवाजी झूमच ठेवणार. आठवडाभरानं दुकानात गेलो तर कॅमेऱ्याला वाइड. मला रागच आला. म्हटलं, माझ्या घरी तर तिची लय नावं ठेवलीस, आणि घेतली तीच?

तो स्टुलावर बसून होता. उठलाही नाही. "तुमा दोघांले एका बाजेवर बसवाले माहा अख्खा दिवस गेला, सदाभाऊ. दोन दिवस गुडघा सुजला. आता लग्नाच्या एका मांडवात तुमच्यासारखे कितीक राह्यते. एक इकडं तोंड करून, एक तिकडं. रोज कोण करीन? मी थकलो. आता जो जिथं उभा हाये, तिथूनच घेतो."

त्यानंतर तो लग्नात खुर्ची टाकून बसायचा आणि बसल्या जागेवरून फोटो काढायचा. खांद्याले खांदा म्हणणं त्यानं सोडलं. फक्त रुसलेला जावई दिसला की त्याला मुद्दाम कडेला उभा करायचा. मला डोळा मारून म्हणायचा, "वाढू दे लेकाचं डोस्कं." तेवढीच त्याची मौज उरली होती. लोकांना ते फोटो आवडायचे. सगळा मांडव यायचा, रोषणाई यायची. मला आवडायचे नाहीत, आणि मी तसं त्याला सांगायचो. तो म्हणायचा, "मलेही नाही आवडत. पण कोणी विचारते का?"

धान कापून झाला आणि माय गेली. तिनं म्हटलं तसंच झालं. मढ्यापाशी आम्ही दोघं एका जागी होतो आणि तिला काही दिसलं नाही. पण एकदा दिसलं होतं. त्याचं श्रेय देवाजीचं, माझं नाही आणि मनोहरचं तर नाहीच.

हार घालायला मायचा एकटीचा फोटो पाहिजे होता, आणि तिचा धड फोटो तो एकच. मी देवाजीकडं गेलो. त्यानं त्या फोटोतून मायला काढून मोठं केलं, फ्रेम लावली आणि समोर ठेवली. मायचं तोंड स्वच्छ आलं होतं, डोळ्यात उजेड होता. पण एका बाजूला माझ्या पांढऱ्या सदऱ्याचा खांदा आणि दुसऱ्या बाजूला मनोहरच्या चौकड्याच्या शर्टाचा खांदा तसाच.

"खांदे पूस," मी म्हटलं. "कम्प्युटरवर पुसता येते, मले मालूम हाये."

मग लगेच सुधारून म्हटलं, "माह्या खांद्याचं नाही म्हणत मी. तो चौकड्याचा पूस."

"पुसाले गेलो का मायचा खांदा जाते त्याच्यासोबत," देवाजी म्हणाला. "लय चिपकून बसले होते तुमी." मग चष्मा काढून डोळे पुसत म्हणाला, "मनोहर कालच येऊन गेला. त्यालेही एक फ्रेम पाह्यजे होती. तोही म्हणे, पांढरा तेवढा पूस."

देवाजी या उन्हाळ्यात गेला. छातीत पाणी झालं होतं. मी भेटायला गेलो तेव्हा बोलताना धाप लागायची, तरी बोलायचा. म्हणाला, "एक्स-रे काढणारा मले म्हणे, काका, हालू नका, श्वास धरून ठेवा. मी म्हणलं, बाबू, हे बोलणं माहं होय, तू कायले म्हणतं?" आणि हसायला गेला तर खोकला. दुसऱ्या आठवड्यात निरोप आला. नदीवर नेताना मनोहरही होता. एका वळणावर तिरडीच्या एका बाजूला तो होता आणि दुसऱ्या बाजूला मी. वळण संपल्यावर दुसरे लोक आले आणि आम्ही बाजूला झालो.

देवाजीच्या पोरानं दुकान मोबाइलवाल्याला दिलं. बरंच केलं.

मायचा फोटो आमच्या ओसरीत आहे. परवा सून नवा हार घेऊन स्टुलावर चढली आणि मला म्हणाली, "मामाजी, हार जरा रुंद घेतला का तो चौकड्याचा खांदा झाकून जाईन. झाकू का?"

मी म्हटलं, "मायचं तोंड झाकन. राहू दे."