शिवाने वायरीला मारलेल्या गाठी

विचुंब्याचा शिवा गेला त्याला वर्ष होत आलं. गावात त्याचं नाव निघालं की लोक त्याच्या स्वभावाचं बोलत नाय, त्याच्या व्हॅनमधल्या काळ्या दोऱ्याचं बोलतात. म्हणून हे नीट सांगायलाच पायजे. ज्यांना ठाऊक नाय तेच जास्त बोलतात.

शिवा शाळेची व्हॅन चालवायचा. जुनी, पांढरी, सरकता दरवाजा असा अडकायचा की लाथ मारल्याशिवाय हलायचा नाय. गावातली पोरं पनवेलच्या शाळेत सोडायची आणि परत आणायची, सगळं आयुष्य त्यातच गेलं. बाप मिठागरावर होता, पावसाळ्यात घरात बसून जाळी विणायचा. शिवा शाळेत टिकला नाय पण हात गुणाचा. पंखा बिघडू दे, मिक्सर बिघडू दे, हा उघडून बसायचा. बायको वेणू वैतागायची.

"अवो, एकदा तरी दुकानाचं तोंड दाखवा त्याला."

"दुकानवाल्याला तुझ्या मिक्सरची काय माया?"

दुकानाचा धसका त्याला उगाच नव्हता. लय वर्षांमागे त्याने गाडीचा टेप हायवेच्या बाजूच्या एका दुकानात बसवायला दिला होता. तिथल्या माणसाने कंपनीचा प्लग पक्कडीने कापला, सगळीकडे एकाच रंगाची पांढरी वायर जोडली आणि वर चिकटपट्टी गुंडाळून दिली. महिन्याभरात, गाडीत पोरं भरलेली, आणि टेपातून धूर. पोरं रडत रस्त्यावर उतरली. शिवा दुकानात गेला तर तो माणूस बोलतो, "काका, गाडीच म्हातारी झाली, आमी काय करणार?" तेव्हापासून गाडीला परका हात लागला नाय आणि टेपही मुका तो मुकाच.

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत शिवाने मनावर घेतलं. पोरं चिडवायची ना, "शिवामामाची गाडी मुकी, शिवामामाची गाडी मुकी." कुठूनतरी पेनड्राइव्हवाला टेप घेऊन आला. मुलगा भावेश तळोज्याला कंपनीत हाय, तो बोलला, "बाबा, दुकानात टाका ना. तासात करून देतात."

"तासात करतात म्हणूनच जळतात."

"मग बसा तुमी आठवडाभर गाडी उघडी टाकून."

"बसतो. माझी गाडी हाय."

आणि बसला. आधी बॅटरीची काळी वायर सोडवली. हॅक्सॉ ब्लेडचे दोन तुकडे टेपाच्या दोन बाजूंनी आत घालून जुना टेप अलगद बाहेर ओढला. मागे बघतो तर सगळ्या वायरी पांढऱ्या. कुठली कुठल्या दरवाज्याची, काय कळायला मार्ग नाय. मग वेणूला हाक मारली. ती मागे स्पीकरला कान लावून बसली. हा पेन्सिल सेलला वायर टेकवायचा, स्पीकर खट्ट करायचा आणि ती ओरडायची, "तुमच्या दरवाज्याचा! मागचा डावा!" लिहून ठेवायचं म्हटलं तर शिवाला अक्षर लावायचा कंटाळा. बापाच्या हाताखाली जाळी विणलेला माणूस, त्याने दोऱ्याच्या गाठी मारल्या. त्याच्या दरवाज्याला एक, पलीकडच्याला दोन, मागच्या डाव्याला तीन, उजव्याला चार. बॅटरीच्या वायरीला गाठ नाय, नुसता गोंडा.

दोरा कुठला? गंगाबाईच्या डब्यातला. गंगाबाई म्हणजे शिवाची मोठी बहीण. नवरा गेल्यापासून मागच्या खोलीत राहायची. गावातल्या तान्ह्या पोरांना नजर लागू नये म्हणून पायात काळा दोरा बांधून द्यायची. आया दारात रांग लावायच्या. तिचा दोरा पक्का, घामाने कुजत नाय, म्हणून शिवाने मागून घेतला. ती हसून बोलली पण, "घे बाबा, तुझ्या म्हाताऱ्या गाडीला पण नजर लागली वाटतं."

नवीन टेप जोडायचा तेवढा राहिला आणि शिवाच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलात नेला, परत आणला तो जीव गेल्यावरच.

बारावं झालं. शाळा उघडायला आली होती. भावेशने गाडीला ड्रायव्हर ठेवायचं ठरवलं. डॅशबोर्डच्या पोटातून वायरी लोंबत होत्या, म्हणून आईला न विचारता बॅटरी जोडून गाडी दुकानात नेली. दुकानातल्या माणसाने हात आत घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"शेठ, काळा दोरा हाय आत. गाठी मारलेला. हे काहीतरी केलेलं हाय, मी नाय हात लावणार."

भावेश गाडी तशीच घेऊन घरी आला, तोंड पांढरं. त्याचा काका हरेश, शिवाचा धाकटा भाऊ, ओटीवरच बसला होता. त्याने वाकून बघितलं आणि सरळ मागच्या खोलीकडे बघितलं.

"गावात गाठीचा काळा दोरा कोणाकडे मिळतो, सांगायला पायजे काय?"

वेणू आतून धावत आली. "भावजी, काय बोलता? तो दोरा त्यांनीच बांधला. मी मागे बसली होती."

"वहिनी, तुमी तिला झाकता."

"माझा नवरा गेला, भावजी. करणी असती तर मी झाकली असती?"

"तुमी भोळ्या. तिचा नवरा गेला, आता तुमचा. तुमीच जुळवून बघा."

वेणूने भावेशकडे बघितलं. पोरगा खाली बघत होता. त्या खाली बघण्याने तिला नवरा गेला त्यापेक्षा जास्त लागलं. मागच्या खोलीत गंगाबाई होती. दार उघडंच होतं, सगळं ऐकत होती.

वेणूने पदर खोचला. "थांबा सगळे. मी टेप जोडते. गाठ बघून सांगते कुठला स्पीकर वाजणार. एक जरी चुकला तर तुमी काय बोलाल ते खरं."

दोन-चार शेजारणी जमल्या. एकजण कुजबुजली, "आता बारावं झालं नाय तर ही गाडीत शिरली." वेणूने ऐकून सोडून दिलं. एवढी वर्षं टॉर्च धरली, पाना दिला, काय कुठे जातं सगळं डोळ्याखालून गेलेलं. बॅटरी सोडवली. गोंड्याची वायर टेपाच्या पिवळ्या वायरीला जोडली, बाकीच्या एकेक जोडल्या, वर पट्टी लावली. बॅटरी परत जोडून चावी फिरवली. टेपाला निळी लाइट आली.

"भावेश, एक गाठ. ड्रायव्हरच्या दरवाज्याला कान लाव."

तिने बटणं दाबून आवाज त्या एकाच स्पीकरला नेला. भावेश बोलला, "हां, वाजतो."

"दोन गाठी. पलीकडे जा."

"वाजतो."

"तीन. मागे डावा."

भावेश मागे वाकला. आतून कुठल्यातरी लग्नातलं गाणं वाजत होतं, पेनड्राइव्हमध्ये शिवानेच भरून ठेवलेलं. भावेशने मान हलवली आणि डोळे पुसले. चौथा पण वाजला. एक पण चुकला नाय.

वेणू गाडीतून उतरली. "झालं? पटलं?"

हरेश उठला, टॉवेल खांद्यावर टाकला. "वाजला, चांगला वाजला. पण टेप वाजला म्हणून माझा भाऊ परत येणार हाय काय?" आणि चालता झाला. शेजारणी पण पांगल्या. त्यातली एक जाताना हळूच बोलली, "जोडायला काय, शिकवलं की कोणीपण जोडील." वेणूला वाटलं हातातला पाना फेकून मारावा.

ती मागच्या खोलीत गेली. गंगाबाईने पिशवी भरून ठेवली होती. शिरढोणला तिची मावसबहीण राहते.

"वन्सं, ऐकलंत ना? सगळे वाजले. आता कोण काय बोलणार?"

"ऐकलं गं. चांगलं केलंस तू." गंगाबाई पिशवीची गाठ आवळत होती. "पण माझ्याच भावाच्या दारात तुला ते दाखवायला लागलं ना? आणि दाखवून तरी काय झालं? हरेशला मी मांडीवर खेळवला. पहिला दोरा त्याच्या पायात बांधला होता मी."

"भावेश सोडेल तुमाला गाडीने."

"त्या गाडीत नाय बसणार मी."

रिक्षाने गेली. भावेश बाहेर उभा होता, पिशवी घ्यायला हात पुढे केला, तिने दिली नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर यायचा होता. वेणू गाडी पुसायला गेली तर पुढच्या चाकाखाली लिंबू, कापून कुंकू लावलेलं. भावेश ओटीवर चहा पीत होता.

"हे कोणी ठेवलं?"

"काकांनी भगताकडून आणलं. मीच ठेवलं." कप तोंडाला लावून बोलला, "आई, तू जोडलंस, मला पटलं. पण ठेवायला आपलं काय जातं?"

वेणूने हातातलं फडकं पिळलं. हा शिवाचा पोरगा. काल कान लावून चारी स्पीकर यानेच ऐकले.

"तुझी आत्या गेली," ती बोलली. "तेवढंच गेलं."

ड्रायव्हर आला. त्याला कोणी काय सांगितलं नव्हतं. त्याने गाणं लावलं, गाडी सुरू केली आणि लिंबावरून चाक नेलं. भावेशने सुटकेचा श्वास सोडला, तो वेणूने बघितला.