आईचं रुखवत

दुसरं लग्न गुपचूप करावं, असं माझं स्वतःचं मत होतं. रजिस्टर ऑफिसात सह्या, चार माणसांचं जेवण, संपलं. पण माझ्या आईपुढे माझ्या मताला विचारतंय कोण? ती देशावरची. कोपरखैरण्यात अर्धं आयुष्य काढलं तरी तिची बोली बदलली नाही आणि हट्टही बदलला नाही. "सह्या कर की," ती म्हणाली, "पर रुखवत मांडल्याबिगर मी लेक देणार न्हाई. पयल्या येळी मांडलं, मग आता का न्हाई?"

मी म्हटलं, पहिल्या वेळच्या रुखवताचं काय झालं ते आठवतंय ना? त्या घरातून परत आले तेव्हा माझ्या कडेवर लेक होती आणि हातात एक बॅग. रुखवत तिकडेच राहिलं. यावर आईने माझ्याकडे असं काही बघितलं की मी मुकाट्याने चहा ठेवायला उठले.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, हल्ली रुखवत भाड्याने मिळतं. एक फोन केला की सप्तपदी, तुळशीवृंदावन, शेंगदाण्यांची बैलगाडी सगळं हॉलवर हजर, आणि अक्षता पडल्या की परत. हे ऐकून आई भडकलीच. "नवरा बी भाड्यानं मिळतो का बघा," ती म्हणाली आणि विषय मिटला. रुखवत घरीच होणार होतं. करणार कोण, तर आई आणि माझी नऊ वर्षांची लेक, कारण मला तुर्भ्याच्या कंपनीतून घरी यायला संध्याकाळ उलटून जाते.

खरं सांगायचं तर यात मला माझा स्वार्थ दिसला. लग्नाचं सांगितल्यापासून लेक गप्प होती. रुसली नाही, रडली नाही. माझा होणारा नवरा घरी आला की "काका, पाणी" म्हणून पेला पुढे करायची आणि अभ्यासाचं पुस्तक काढून बसायची. शहाण्यासारखं वागणारी पोर बघून लोक माझं कौतुक करत होते. मला मात्र वाटायचं, एकदा भांड तरी, दार तरी आपट. तिला हे लग्न नको असेल तर मलाही नको होतं, इतकं ते साधं होतं. पण तिला ते हवंय की नकोय हेच कळत नव्हतं. म्हटलं, हात कामाला लागले की तोंडही उघडेल.

सामानाची ददात नव्हती. आमची कंपनी खोक्यांची. छपाई चुकलेला पुठ्ठा तिथे ढिगाने पडलेला असतो. ज्याच्याशी मी लग्न करणार होते तो तिथेच डिस्पॅच बघतो. इथल्याच करावे गावचा, बोलायला कमी, पण त्याने पुठ्ठ्याचा गठ्ठा दोरीने बांधून स्वतः जिना चढून आणून दिला. आइस्क्रीमच्या काड्या लेकीने सोसायटीतल्या मुलांकडून जमवल्या. पिस्त्याची सालं वरच्या मजल्यावरून आली, आमच्याकडे पिस्ते कोण खातंय! सुपाऱ्या आईच्या पूजेच्या डब्यातल्या, चिंध्या माझ्या जुन्या ब्लाउजांच्या. डिंक विकत आणायचा नाही, असा आईचा दंडक, म्हणून तिने मैद्याची खळ शिजवली. झुरळांनी तुळशीवृंदावनाची एक बाजू रातोरात फस्त केली. आई म्हणाली, खळीत मोरचूद घालू. मी म्हटलं, घरात पोर आहे, विष कसलं घालतेस. शेवटी गमाची बाटली आलीच.

एक मात्र खरं, लेकीचा हात सुरेख. पिस्त्याच्या सालांची कमळं तिने अशी लावली की देठाकडचं टोक कुठे दिसायचं नाही. सुपारीचं डोकं, पुठ्ठ्याच्या शंकूचं अंग, काळ्या टिकलीचे डोळे, अशी नवरा-नवरी केली. नवरा सारखा तोंडावर पडत होता. आई म्हणाली, "पडू दे, नवरंच त्ये." पण लेकीने शंकूत ओल्या कागदाचा बोळा दाबून भरला, वाळू दिला आणि तो ताठ उभा राहिला. नवरीच्या नऊवारीचा काष्टा तिने तीनदा सोडून पुन्हा घातला. शाळेचं चित्रकलेचं होमवर्क उरकायला जिला मागे लागावं लागतं, ती पोर शाळेतून आली की दप्तर टाकून जमिनीवर फतकल मारून बसायची. मी दारात चपला काढताना ते बघायची आणि मला वाटायचं, गंगेत घोडं न्हालं. तोंड उघडत नसली तरी हातांनी हो म्हणतेय.

काम करता करता आई तिला रुखवताच्या गोष्टी सांगायची. कुठल्या मावशीने रांगोळीचा मोर केला, कुठल्या आत्याने वर्षभर विणून पडदे दिले. "रुखवत मुलीकडच्यांनी करायचं असतंय," आई म्हणायची. "पोरगी जाती. आपण मागं राहतो. आपल्या हातचं तेवढं तिच्यासंगं जातंय, म्हंजी तिला घरची सय यील." लेक मान खाली घालून ऐकायची. मीही ऐकायची. मला ते नेहमीचंच वाटायचं.

एका रविवारी दुपारी काड्यांचा झोपाळा पुरा झाला. चार काड्यांचे खांब, लाल लोकरीच्या साखळ्या, आणि बसायला अगदी नीट घासलेली फळी. तिने नवरा-नवरीला त्यावर बसवून बघितलं. दोघांच्या अंगाने फळी भरून गेली.

मी सहज म्हटलं, "फळी अजून थोडी रुंद हवी होती. तिसरी बाहुली कुठे बसणार?"

"तिसरी कोण?"

"तू."

ती हसली. मोठ्या माणसाला काही कळत नाही तेव्हा मुलं हसतात तसं. "मी कशाला? मी मुलीकडची ना. तू माहेरी येशील तेव्हा भेटूच की आपण. आई, तू दिवाळीला येणार की मे महिन्यात पण येशील?"

स्वयंपाकघरात आईचं लाटणं थांबलं. गेले कित्येक दिवस ही पोर माझ्या लग्नाला होकार देत नव्हती, मला निरोप देत होती. काष्टा तीनदा घातला तो त्यासाठी. मागे राहणाऱ्याने नीट करून द्यायचं असतं म्हणून.

ओरडावंसं वाटलं, कोणावर ते कळलं नाही. नंतर एकेक आठवत गेलं. वर्ष संपेपर्यंत तिची शाळा बदलायची नाही, असं आम्ही तिच्यासमोर बोललो होतो. लग्नाच्या गडबडीत ती आजीजवळ राहील, असंही बोललो होतो. तू माझ्याबरोबर येणार आहेस, हे मात्र कोणी म्हटलं नव्हतं. आपण श्वास घेतो हे कोणी सांगतं का? तिने ऐकलेल्या तुकड्यांतून आपला हिशेब जुळवला होता आणि तो चोख जुळला होता.

"वेडाबाई," मी म्हटलं, "तुला सोडून मी कुठे जाणार? तू माझ्याबरोबर येणार आहेस. शाळा सुटली की आजीकडे, आणि संध्याकाळी माझ्याबरोबर तिकडे, आपल्या घरी."

मला वाटलं, ती गळ्यात पडेल. ती उठली आणि झोपाळ्याला अशी लाथ मारली की नवरा कपाटाखाली गेला. "हे आधी सांगायचं ना!" ती किंचाळली आणि मग रडली, तोंड वासून, बाळपणी रडायची तशी. इतक्या दिवसांची आदळआपट तिने एका दुपारी उरकून घेतली. मीही रडले. आई पोळी करपवून बाहेर आली आणि दोघींना जवळ घेऊन आपणही रडायला लागली, वर आम्हालाच गप्प बसा म्हणत होती.

शांत झाल्यावर लेकीने डोळे पुसले आणि विचारलं, "काकांना चालेल?"

"पहिल्या दिवशीच म्हणालेत ते."

"आणि त्यांच्या आईला?"

इथे मी अडकले. त्याची आई करावेच्या जुन्या घराची मालकीण, उमेदीत टोपली डोक्यावर घेऊन मासे विकलेली, आता खोल्यांचं भाडं खणखणीत वसूल करणारी. मला मुलगी आहे हे तिला माहीत होतं. पण तिच्या तोंडून "पोरीला आणा" असं मी कधी ऐकलं नव्हतं. लेक माझ्याकडे बघत बसली. मी तिच्यासमोरच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"मावशी, लेकीला घेऊन येणार आहे ना मी. कायमची."

पलीकडे मिक्सर चालू होता. तो बंद झाला. "मंग? इचारतेस काय?" एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"म्हणजे हो की नाही?" लेकीने विचारलं. मी हो म्हटलं, पण माझ्या आवाजावर माझाच विश्वास नव्हता. त्याला विचारलं तर म्हणाला, आई फोनवर अशीच बोलते, टेन्शन नको घेऊ. टेन्शन घेऊ नको म्हणणारे स्वतः कधी माप ओलांडून कोणाच्या घरात जात नाहीत.

लग्नाच्या दिवशी सकाळी सह्या झाल्या आणि दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये जेवण. कोपऱ्यातल्या टेबलावर आईने रुखवत मांडलं. करावेच्या बायका नथी सावरत बघायला आल्या, कमळांना बोट लावून गेल्या, "कुनी केला?" म्हणून विचारू लागल्या. "नातीनं," आई ताठ मानेने म्हणाली. लेक टेबलाच्या एका टोकाला उभी होती. तिसरी बाहुली तिने केली होती, पण झोपाळ्यावर बसवली नव्हती. तुळशीवृंदावनाच्या आड उभी केली होती, येणाऱ्याला चटकन दिसू नये अशी. मी विचारलं तर म्हणाली, "बघू." त्याच्या आईने सगळं रुखवत नजरेखालून घातलं आणि जेवायच्या आधीच रिक्षा करून घरी निघून गेली. मी जेवले, पण काय जेवले ते आठवत नाही.

निघताना आईने डोळ्याला पदर लावला. गाडीत लेक माझ्या आणि खिडकीच्या मधे बसली, सबंध रस्ता माझ्या हिरव्या बांगड्या एकावर एक सरकवत. करावेच्या गल्लीत गाडी शिरेना, म्हणून शेवटचं थोडं चालत गेलो. दारात बायका जमल्या होत्या. लेकीने माझा हात सोडला आणि दोन पावलं मागे थांबली, पाहुण्यासारखी.

उंबऱ्यावर दोन मापं होती. एक तांब्याचं, तांदळाने शिगोशीग भरलेलं, कुंकू लावलेलं. त्याच्या शेजारी स्टीलची छोटी वाटी, तीही शिगोशीग, तिलाही कुंकू. सासूबाई दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आधी मला ओवाळलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघून त्या म्हणाल्या, "यं गो पोरी. ही वाटी तुजी. लांब का हुबी हायस?"

लेक पुढे आली. वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग त्यांना विचारलं, "जोरात मारू की हळू?"

"जशी तुजी मर्जी. घर तुजंच हाय."

तिने उजव्या पायाने अशी मारली की वाटी थेट टीव्हीखाली गेली आणि तांदूळ चौफेर उडाले. बायका हसल्या. मी माझं माप हलकेच कलंडवलं आणि तिच्या मागोमाग आत गेले. पुढे कितीतरी दिवस सोफ्याखाली, कपाटामागे तांदूळ सापडत राहिले. मी झाडू घेतला की लेक धावत यायची, एकेक दाणा वेचून घ्यायची आणि मला बजावायची, "हे तुझे नाहीत हं आई. हे माझे आहेत."