हनुवटीपासून घोट्यापर्यंत

थेंबे हे त्यांचं आडनाव नव्हे. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस असताना ते परीक्षानळीत आम्ल ओतायचे ते थेंब मोजून, आणि मोजताना त्यांचे ओठ हलायचे. मुलांनी त्यांचे थेंबेकाका केले. पुढे तर भर सभेत मुख्याध्यापकांच्या तोंडूनही तेच नाव गेलं. मी विज्ञान शिकवत होते. एकोणीस वर्षं आम्ही एकाच खोलीत वावरलो. बाटलीत अर्धा इंच उरलंय असं ते म्हणाले, की अर्धाच इंच असायचं. मी कधी वाकून पाहिलं नाही.

त्यांची एकच गोष्ट कुणी खरी मानत नसे. मासा.

बंद पडलेल्या वीटभट्टीमागे माती काढून काढून एक मोठा खड्डा झाला होता, आणि वर्षानुवर्षं पाणी साठून त्याचं तळं झालं होतं. पाण्याचा रंग दूध जास्त पडलेल्या चहासारखा. त्यात हात घातला तर कोपराच्या पुढचा दिसायचा नाही. दर रविवारी सकाळी काका पाठीवर हवेची टाकी बांधून त्या पाण्यात उतरायचे. त्यांचा मेहुणा धरणाच्या दारांची डागडुजी करणारा पाणबुड्या. त्याने हौसेने यांना शिकवलं आणि नोकरी संपल्यावर आपलं सामानही देऊन टाकलं.

"त्या गढुळात बघायला काय मिळतं?" मी एकदा विचारलं होतं.

"बाई, तिथे बघायला जायचंच नसतं," ते म्हणाले. "दिसायला जायचं असतं."

मग परीक्षानळ्या पुसता पुसता त्यांनी सांगितलं. तळाच्या चिखलावर वीतभर उंच तरंगत राहायचं. एक बोट जरी चिखलाला लागलं तरी असा धुरळा उठतो, की अर्धा तास स्वतःचं नाकही सापडत नाही. दिवा बंद करायचा. श्वास लांबवायचा. पहिली दहा मिनिटं नुसता अंधार. मग तो अंधार हळूहळू सैल होतो. तपकिरी, मग शेवाळी, आणि वरून जुन्या पडद्यातून आल्यासारखा उजेड. आपलं वजन कुठे गेलं, कळत नाही. डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेही कळत नाही. आणि अशात कुठूनसा एक मासा येतो, नाण्याएवढे खवले घेऊन, बाजूने जातो, परत येतो. आपल्याला वाटतं आपण त्याला बघतोय. खरं तर आपलीच तपासणी चालू असते.

त्या सगळ्यांत थोरला होता मिशीवाला. पेन्सिलीएवढ्या जाड मिशा, खवले नाहीत, पाठ ओल्या पाटीसारखी काळी. तो नेहमी अर्धामुर्धाच दिसायचा. मात्र एका थंडीत पाणी चार दिवस निवळलं आणि काकांनी त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत पाहिलं.

"आपल्या प्रयोगशाळेतल्या बाकाएवढा," शिक्षकांच्या खोलीत ते म्हणाले.

माझ्यातली मास्तरीण गप्प बसली नाही. "काका, पाण्याखाली मुखवट्याच्या काचेतून वस्तू एक तृतीयांश मोठी दिसते. थोडा कापा तुमचा मासा!" सगळे हसले. काका हसले नाहीत. "असेल, बाई," म्हणाले आणि नळ्या धुवायला गेले. त्या दिवशी त्यांनी नळ्या दोनदा धुतल्या.

घरी त्यांना त्याहून कडक परीक्षक होता. काकू शिवणकाम करायच्या. पुढच्या खोलीत यंत्र, भिंतीवर कापडाचे तागे, गळ्यात कायम टेप. माणूस दारातून आत येईपर्यंत त्यांच्या डोळ्यांनी त्याचं माप घेतलेलं असे. नवऱ्याच्या इतर प्रत्येक शब्दावर त्यांचा डोळे मिटून विश्वास. माशाचं नाव निघालं की तोंडातल्या टाचण्या काढून ठेवायच्या, हसताना गिळल्या जाऊ नयेत म्हणून.

"लोकांची पोरं वाढतात म्हणून मी कपड्यांत दोन बोटं सोडते," त्या म्हणायच्या. "यांच्या माशाला तर दरसाल नवा झगा लागेल!"

काका निवृत्त झाले, त्यानंतर तीन वर्षांनी मी झाले. एका सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. कानाचा पडदा पातळ झाला होता. डॉक्टरांनी एकदाच, शेवटचं उतरायची परवानगी दिली होती, तीही कुरकुरत.

"बाई, रविवारी तळ्यावर याल? साक्षीला."

"कशाच्या?"

"मी तो मोजणार आहे." पुढचं ते माझ्या पायपुसण्याकडे बघत बोलले. "गाव हसलं तर हसू दे. पण तीस वर्षांच्या संसारात हिला माझी ही एकच गोष्ट थाप वाटते. आता मी पाण्यात जाणं थांबलं, की ती कायमची थापच राहणार."

मी गेले. काठावर काकू दोरी धरून बसल्या होत्या. दोरीचं दुसरं टोक काकांच्या मनगटाला. त्यांची भाषा ठरलेली होती. एक हिसका म्हणजे 'ठीक ना?', आणि उत्तरालाही एकच. दोन म्हणजे 'वर येतोय'. तीन म्हणजे 'ओढ'. काकांच्या हातात दीड मीटरची लाकडी पट्टी होती. गढुळात आकडे वाचता येणार नाहीत म्हणून त्यांनी दर दहा सेंटिमीटरवर कानशीने खाच पाडली होती.

"बोटाने खाचा मोजायच्या," त्यांनी मला पट्टी दाखवली. "डोळ्यांचा संबंधच नको."

"अहो, आणि त्याला सांगा सरळ उभा राहा, श्वास सोड," काकू म्हणाल्या. "माप घेताना सगळे पोट आत ओढतात."

ते गेले. बुडबुडे तळ्याच्या मध्यापर्यंत गेले आणि एका जागी थांबले. वाऱ्याचं नाव नव्हतं. काठावरची लव्हाळी आणि त्यांची पाण्यातली लव्हाळी, यांतली खरी कुठली ते सांगता आलं नसतं. आम्ही दोघी हळू बोलत होतो, मग तेही बंद झालं. मला डुलकी लागली असावी.

'सप्प' असा आवाज झाला. पाण्यातून ती पट्टी भाल्यासारखी हातभर वर उसळली आणि आडवी पडली.

काकूंचा चेहरा कापडासारखा पांढरा झाला. त्यांनी दोरीला हिसका दिला. उत्तर नाही. बुडबुडे येत होते, पण फार सावकाश. दुसरा हिसका दिला. मी नकळत त्यांचं मनगट धरलं होतं. मग दोरी हलली. एकदा. थोड्या वेळाने, अगदी नाइलाजाने हलावी तशी, दोनदा.

काका काठाला आले, मुखवटा काढला आणि पट्टीकडे पाहिलं.

"लाकूड तरंगतं," ते म्हणाले. "मुलांना वर्षानुवर्षं दाखवलं. स्वतः शिसं बांधायला विसरलो. जरा मूठ सैल झाली आणि गेली वर."

"अहो, जीव गेला असता माझा!"

"तुझा? पाण्यात मी होतो."

"मग उत्तर का नाही दिलंत?"

काका ओल्या गवतावर बसले. बोलले ते मात्र तळ्याकडे बघत.

"पट्टी गेली, आणि तेवढ्यात तो आला. आधी अंधार नुसता जड झाला. मग हनुवटीला काहीतरी थंड, गुळगुळीत टेकलं. त्याचं तोंड. मिशा गालांवरून फिरल्या, न्हावी फिरवतो तशा. मग तो माझ्या अंगाला लागून सरळ झाला, मी पडलो होतो तसाच. दोघं पडून होतो. तो श्वास घ्यायचा ते माझ्या बरगड्यांना कळायचं. तेव्हा तुझा हिसका आला. हात हलवला असता तर तो गेला असता. थोडं थांबलो. मग तुझा दुसरा आला." त्यांनी मनगटाची दोरी सोडवली. "तो घाबरलेला होता. हिसका. ते दोरीतून कळतं. मग दिलं उत्तर, आणि तो गेला. जाताना शेपूट इथे लागली." त्यांनी घोट्याच्या वर चार बोटं ठेवली. "पट्टी नव्हती, त्यामुळे माप काही..."

काकू उठल्या होत्या. गळ्यातला टेप हातात आला होता.

"उभे राहा."

"अगं, मी ओला आहे."

"सरळ उभे राहा. तोंड कुठे टेकलं? नक्की सांगा, गिऱ्हाइकासारखं 'असंच कुठेतरी' नको."

काकांनी हनुवटीवर बोट ठेवलं. पाणी गळत होतं. काकूंनी टेपचं टोक त्या बोटाखाली दाबलं, छातीवरून, पोटावरून, गुडघ्यावरून खाली आणला आणि घोट्याच्या वर चार बोटांशी थांबून वाकून पाहिलं.

"एकशे बत्तीस सेंटिमीटर."

"बाई," काका मला हळूच म्हणाले, "पाण्यात वस्तू मोठी दिसते. पण मोठी लागत नाही ना?"

"नाही, काका," मी म्हटलं. "अंगाला लागते तेवढीच असते."

"पण बाक तर केवढा मोठा!" काकूंनी टेप गुंडाळायला घेतला होता. आवाजात पुन्हा ते जुनं हसू येऊ पाहत होतं.

प्रयोगशाळेचे बाक माझ्याच देखरेखीखाली बनले होते. त्यांची लांबी मला पाठ होती, एकशे पंचाहत्तर. मी काडीने चिखलात एकशे बत्तीस लिहिले, त्याचा तिसरा हिस्सा चव्वेचाळीस, आणि बेरीज केली. एकशे शहात्तर. इतकी वर्षं मला हे साधं गणित करावंसं वाटलं नव्हतं.

"काकू, पाण्याने त्यांना जेवढा दाखवला तेवढाच त्यांनी सांगितला."

"म्हणजे पदरचं काही नाही घातलं?"

"बोटभरही नाही."

काकूंनी पदराने काकांचे कान पुसले, आधी दुखरा, मग दुसरा. एवढं हळू पुसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

घरी गेल्यावर त्यांनी गिऱ्हाइकांच्या मापांची वही काढली. नावाच्या जागी लिहिलं, 'मिशीवाला'. लांबी, एकशे बत्तीस. मग पेन्सिल कानामागे गेली.

"घेर?"

"राहिला," काका म्हणाले.

"मग सैलच शिवावा लागेल."

आता काका रविवारी टाकी न घेता काठावर जाऊन बसतात. काकूही जातात, काजं-बटणांचं काम घेऊन. घरी कुणी कपडे शिवायला टाकायला आलं आणि माशाचा विषय निघाला तर आता काका गप्प असतात, काकूच सांगतात. परवा एकजण म्हणाला, "काकू, दीड मीटर म्हणा की, ऐकायला बरं वाटतं!"

"एकशे बत्तीस," काकू टाचण्या तोंडात तशाच धरून म्हणाल्या, आणि त्याच्या सदऱ्यात नेहमीसारखी दोन बोटं सोडली.