चपला सांभाळा, शालू आहे!

तीन नर्सा एका खोलीत राहिल्या की भांड्यांपेक्षा किस्सेच जास्त साचतात. भांडी निदान घासून पालथी तरी घालता येतात! गडचांदूरला भाड्याच्या खोलीत मी, नसीम आणि शालू बरीच वर्षं राहिलो. तिघी एकाच दवाखान्यात. ड्युटीवर हुशार, पण प्रेमात पडलो की तिघीही थेट लहानपणात जाऊन पोचायचो.

*

आधी माझंच सांगते. आमच्या घरी आई-बाबा एकमेकांशी बोलत नसत. निरोप मी पोचवायची. ‘तुह्या बापाले सांग, ताट वाढलं.’ ‘तुह्या मायले सांग, भूक नाई.’ दोघंही एकाच खोलीत!

पुढे प्रशांतशी माझं जमलं आणि पहिलं भांडण झालं. तो समोरच बसलेला. मी ओरडले, ‘‘नसीम, त्याले सांग, मी त्याच्याशी बोलत नाई!’’

प्रशांत थंड. ‘‘नसीम, तिले विचार, किती वाजेपर्यंत बोलणार नाई? मले भूक लागली.’’

नसीमनं ओढणी घेतली. ‘‘तुमचं तुम्ही पाहा. माही ड्युटी संपली!’’ ती गेली आणि आम्हाला बोलावंच लागलं. आता त्याच्याशीच माझा संसार चालू आहे.

*

नसीमचं दुखणं जिलेबी. लहानपणी अब्बूंनी जिलेबी आणली की समजायचं, उद्या ते कामाला हैदराबादला चालले. मग कित्येक महिने तोंड दिसायचं नाही.

साखरपुड्यानंतर इरफान पहिल्यांदा भेटायला आला. मोबाइलचं दुकान चालवणारा साधा माणूस. हौसेनं अर्धा किलो जिलेबी घेऊन आला!

‘‘कुठी चालला तू?’’ नसीम कडाडली.

‘‘कुठीच नाई!’’

‘‘मंग जिलेबी काऊन आणली? खरं सांग!’’

उलटतपासणी इतकी लांबली की बिचारा घाबरून कबूल झाला, ‘‘बारावीत एकदा नापास झालो होतो!’’

हे त्याला कोणीच विचारलं नव्हतं. तेव्हापासून तो समोसे आणतो.

*

शालूची तऱ्हा मात्र या सगळ्यांवर कडी. तिची आई लवकर गेली. बाप मजुरी करणारा, जिवतीच्या डोंगरातला. पोरीला कोण सांभाळणार? पहिलीतच वसतिगृहात घातली. बाजाराच्या दिवशी तो भेटायला यायचा आणि ही त्याची चप्पल लपवायची. चप्पल नाही तर बाप जाणार कसा?

एकदा लपवलेली चप्पल सापडलीच नाही. शेवटची बस सुटायला आली, बाप एकच चप्पल घालून धावत चढला. दुसरी हिच्या उशीखाली. पुढच्या बाजाराला तो पुन्हा आला. बस! पोरीच्या डोक्यात पक्कं बसलं, चप्पल ठेवून घेतली की माणूस परत येतो.

*

हे आम्हाला तेव्हा माहीतच नव्हतं. सिमेंट कारखान्यातला अमोल तिच्या आयुष्यात आला आणि त्याच्या गाडीची चावी हरवायला लागली. कधी तांदळाच्या डब्यात, कधी माझ्या युनिफॉर्मच्या खिशात! आम्ही हसायचो. तो शिफ्टला उशिरा पोचायचा आणि बोलणी खायचा.

फोन उचलायला त्याला जरा वेळ लागला की ही त्याला ब्लॉक करायची. ‘‘तो सोडाच्या आधी मीच सोडलं तं दुखत नाई,’’ म्हणायची.

‘‘मंग रडून काऊन राह्यली?’’ नसीमनं विचारलं.

‘‘कांदा कापला.’’

आमच्या घरात त्या दिवशी कांदाच नव्हता.

*

शेवटी अमोल दारातच उभा राहिला. ‘‘शालू, अजून एक शिफ्ट चुकली तं नोकरी जाते. मले तू पाहिजे. पण असं नाई जमत मले.’’

आम्हाला वाटलं, झालं, संपलं सगळं. शालूनं चावी आणून दिली आणि पहिल्यांदाच उशीखालच्या चपलेची गोष्ट सांगितली. त्याच्यासोबत आम्हीही ऐकत होतो. नसीमनं तोंड फिरवलं. मला तर रडूच आलं.

अमोलनं चावी खिशात घातली. मग म्हणाला, ‘‘चावी नको लपवू. मी जातो तवा विचार, कधी येशीन. मी सांगीन, अन येईन.’’

पुढच्या रविवारी त्यानं यायचं ठरलं. वेळ टळून गेली तरी अमोलचा पत्ता नाही. शालूचं बोट ब्लॉकवर! पण तिनं दाबलं नाही. बऱ्याच उशिरा तो धापा टाकत आला. ‘‘रस्त्यात वाघ बसला होता!’’

‘‘बहाणाही जंगलातलाच आणला!’’ नसीम म्हणाली. त्यानं फोटो दाखवला. खरंच वाघ! शालू इतकी हसली की चहा उतू गेला.

*

लग्न झालं. नवरदेवाचे जोडे लपवायला आम्ही गेलो, पण अमोलनं ते पायातून काढलेच नाहीत. सवय हो, दुसरं काय!

पाठवणीची वेळ झाली आणि शालूचे बाबा अनवाणी फिरायला लागले. ‘‘माही एक चप्पल कुठी गेली?’’

आम्ही सगळ्यांनी शालूकडे पाहिलं. ती गाडीत बसली होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून.

बाबा खिडकीशी आले. ‘‘शाले, आता मी कुठी जाऊन राह्यलो, माय? जाऊन तं तू राह्यली.’’

शालूनं पिशवी छातीशी धरली.

बाबांनी हात पुढे केला. ‘‘तुहीच एक इथी ठेवून जा.’’

आणि शालू एकाच पायात चप्पल घालून सासरी गेली.