टरबूजवाले सर

आमचे सर पोहायला शिकवताना पोरांना पाण्यात ढकलत नसत, टरबूज ढकलत. नांदेडात गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात. त्या गंगेत टरबूज डुलत निघालं की सर काठावरून सांगत, "ज्याच्या हाताला लागंल त्याचं." मी पोहायला शिकलो तो निव्वळ खादाडपणामुळे.

टरबूज सखूबाईच्या वाडीतलं असे. पावसाळ्यानंतर पाणी ओसरलं की ती नदीच्या वाळूत वेल लावायची. सर निवडून चांगलं फळ मागत आणि ती हटकून वाकडंतिकडं काढून देई, पोरांना काय कळतंय म्हणे. त्यावरून दोघांची रोज हुज्जत चाले.

सरांना दुसरं वेड घाटाचं. काठावर तेव्हा बाभळी आणि उकिरडा. बायकांना संध्याकाळी घटकाभर टेकायची सोय नव्हती. घरी आलेल्या पाहुण्याला सर चहाच्या आधी नदीवर नेत आणि हवेत बोट फिरवून घाट दाखवत. इथं पायऱ्या, इथं झाडं, इथं म्हाताऱ्यांना बाक. आम्ही मागे उभे राहून हसायचो.

मग दुष्काळ पडला. नदीत डबकी उरली आणि दुष्काळी कामांत घाट मंजूर झाला. आखणी नेमकी सखूबाईच्या वाडीवरून गेली. ती कुणाचंच ऐकेना, तेव्हा सर गेले. वरच्या साहेबांनी त्यांना दिलेला शब्द त्यांनी तिला दिला, "सखू, घाट झाला की पहिली टपरी तुझी. मी हाय ना." सरांचा शब्द म्हणून तिने मुठीएवढी फळं धरलेले वेल आपल्या हातांनी उपटले. दुसऱ्या दिवशी ती त्याच घाटासाठी खडी फोडायला बसली.

घाट देखणा झाला. तोवर लातूरचा नवा जिल्हा होऊन ते साहेब तिकडे बदलून गेले होते. नव्या साहेबांनी घाटावर काही विकायला बंदी घातली, सालपटांनी घाण होते म्हणून. सर एसटीने लातूरला जाऊन आले. जुन्या साहेबांनी चहा पाजला.

त्यानंतर सर कधी पायऱ्या उतरले नाहीत. सखूबाई बाजारातून आणलेली टरबुजं घाटाच्या फाटकाबाहेर विकायची. सरांना मधुमेह, तरी ते रोज तिच्याकडून एक घेत आणि वाटेत भेटेल त्याला देऊन टाकत. कुणी घाटाचं कौतुक केलं की चिडत. "मी पायऱ्या मागितल्या व्हत्या," म्हणत, "तिची वाडी न्हवती मागितली."

एकदा मी सोबत होतो. सखूबाईने टरबूज दिलंच नाही.

"सर, उद्यापासून येऊ नगा. तुमाला टरबूज नको असतंय. मी 'जाऊ द्या' म्हणावं, हे पायजे असतंय. ते मी म्हणणार न्हाई."

सर खाली बघत म्हणाले, "बरोबर हाय तुझं."

ते पुन्हा तिकडे गेले नाहीत. पुढे थोड्याच वर्षांत वारले.

मी मात्र संध्याकाळी नातवंडांना घेऊन त्या पायऱ्यांवर बसतो. वारा छान लागतो. फाटकाशी आता सखूबाईची सून बसते. येता-जाता मी तिच्याकडे बघायचं टाळतो.