तोडून पाहिलेला तुकडा

कल्याणच्या लष्करी छावणीत गाड्या दुरुस्त करणारी कार्यशाळा होती. ती बंद झाली तेव्हा माझ्याकडे वेल्डिंगचा दोन वर्षांचा सराव होता, पण दाखवायला एकही कागद नव्हता. मी मामांकडे राहत होतो. दिवाळीपर्यंत काम मिळालं नाही तर गावी परत जायचं, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. गावची भातशेती माझ्या दोन भावांनाच पुरत नव्हती.

कागद नसलेल्या माणसाची कारखान्यात ट्रायल घेत. कोलशेतच्या बाजूला एका शेडमध्ये पाण्याच्या टाक्या बनत. तिथल्या मालकाने मला एका टाकीच्या तळाची शिवण जोडायला दिली. ती त्याने वाकून पाहिली, बरी आहे म्हणाला आणि मंगळवारी बोलावलं. मंगळवारी तिथला मिस्त्री रजेवर होता, म्हणून शुक्रवारी यायला सांगितलं. शुक्रवारी गेलो, तर माझ्याच टाकीवर दुसरा माणूस बसून बाजूची शिवण जोडत होता. काम संपल्यावर चहाच्या दुकानात त्याला गाठलं. तोही ट्रायलच देत होता आणि त्यालाही पुढच्या मंगळवारी बोलावलं होतं.

छावणीत मला शिकवणारा हवालदार ट्रायलचा तुकडा शेगड्यात, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी पकडीत, आवळून हातोड्याने ठोकायचा. पत्रा वाकला तर चालत असे, शिवण उघडता कामा नये. टाकीला मात्र कोणीच हातोडा लावला नव्हता. ती विकायची होती.

मामा कचेरीत कारकून होते. सगळी हकीकत ऐकून ते म्हणाले, "म्हणजे अख्खी टाकी उमेदवारांनीच बांधली. मग मालकाने तुम्हाला नोकरीवर ठेवावंच कशाला?"

ते थट्टेत बोलले होते. मला मात्र ते पटलं, आणि तिथून पुढे मी प्रत्येक कारखान्याकडे त्याच नजरेने पाहू लागलो. नाव विचारणारा दरवानही त्यातलाच वाटे. ठाण्यात एका ठिकाणी खिडकीची चौकट जोडायला दिली, तेव्हा मी आधी विचारलं की ही विकायची आहे का. त्यांनी मला दार दाखवलं. त्या जागेवर त्याच दिवशी माणूस घेतला, हे आठवड्याने कळलं. मामांना ते मी सांगितलं नाही.

दिवाळीला आठ दिवस उरले असताना ठाण्यातच आणखी एका कारखान्यात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने पत्र्याचे दोन तुकडे पुढे टाकले. मी ते जोडले. तो नुसता पाहू लागला तेव्हा मी म्हणालो, "तोडून बघा."

"तुटला तर काम नाही, माहितीय ना?"

"माहीत आहे."

"लोक सांगतात, मिस्त्री, हळू मारा. तू उलटाच रे."

त्याने तुकडा शेगड्यात आवळला आणि हातोडा घातला. दुसऱ्या घावाला पत्रा वाकला. चौथ्याला शिवण एका टोकाला उघडली. आत वेल्डिंगचा राखाडी मळ अडकलेला होता. त्याने तो नखाने खरवडून मला दाखवला.

"शेवटाला हात लवकर उचलतोस. घाई कसली असते?" त्याने आणखी दोन घाव घालून तुकडा पुरता तोडला आणि उरलेली शिवण बोट फिरवत तपासली. "बाकी धरलंय. उद्या ये. महिनाभर हेल्पर. वेल्डिंग मी सांगेन तेव्हा." दोन्ही तुकडे त्याने मागच्या भंगारात फेकले.

मामांनी विचारलं, नक्की ना? मी म्हणालो, उद्या कळेल.

दुसऱ्या दिवशी भोंग्याआधी पोचलो आणि आधी शेडच्या मागे गेलो. माझे दोन्ही तुकडे भंगारातच पडले होते. मग पुढच्या दाराशी येऊन दरवानाला नाव सांगितलं.